मणीच्या गळ्यातली वीज

"डाक्टरम्मा, कुत्र्यासाठी ती वायर घालून घेऊ का?" असं कुणी विचारलं की मी लगेच उत्तर देत नाही. टेबलाच्या खणातून एक काळा पट्टा काढते आणि विचारणाऱ्याच्या हातावर ठेवते. पट्ट्याच्या आतल्या बाजूला धातूची दोन बोंडं आहेत. "ही गळ्याला टेकतात," एवढंच सांगते. लोक अंगठ्यानं बोंडं चाचपतात, पट्टा हळूच खाली ठेवतात आणि मग लसीबद्दल बोलायला लागतात. काही जण तरीही वायर घालतात, त्याला मी काय करणार!

मी जनावरांची डॉक्टर. सरकारी नोकरी सगळी पापनाशम आणि आसपासच्या खेड्यांत झाली, म्हणजे गाईम्हशींच्या पोटात कोपरापर्यंत हात घालण्यात गेली. निवृत्त झाल्यावर तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत आमच्या घराच्या ओसरीवर दवाखाना थाटला. गाई गेल्या, कुत्री आली. संपादकांनी "अनुभव लिहा आणि मराठीतच लिहा" अशी गळ घातली, तेव्हा आधी मला हसू आलं. आमच्या गल्लीत मराठी बोलणारी घरं अजून आहेत, पण ही लिपी वाचणारे शोधावे लागतात. माझ्या वडिलांनी दटावून, रडवून शिकवली, म्हणून हे जमतंय. बोलताना माझ्या मराठीत सांबारात पडतात तशा सगळ्या भाज्या पडतात. लिहिताना जपून लिहिते आहे. कुठं चुकलं तर सांभाळून घ्या.

आता ही वायर म्हणजे काय ते सांगते. घराभोवती वीतभर खोल चर खणून त्यात एक तार पुरतात. तारेची दोन्ही टोकं ओसरीवरच्या एका डब्यात जातात. डब्यातून तारेत सतत एक खूण फिरत असते. ती माणसाला कळत नाही, कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला कळते. कुत्रं तारेजवळ गेलं की पट्टा आधी बारीक पीप करतो. तरी ते पुढं गेलं तर ती दोन बोंडं झटका देतात. सुरुवातीचे काही दिवस तारेवर पांढरी निशाणं रोवतात, कुत्र्याला साखळी लावून फिरवतात आणि पीप ऐकलं की मागं वळायला शिकवतात. शिकलं की निशाणं उपटून टाकायची. भिंत नको, जाळी नको, बागेची शोभा जशीच्या तशी. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, काय शहाणं कुत्रं आहे हो यांचं!

यात वाईट काय, असं मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. रस्त्यावर चिरडलेली कुत्री मी कमी पाहिलेली नाहीत.

मग माझ्याकडे सीझर आला. मेडिकल कॉलेजच्या बाजूला नव्या वसाहती झाल्या आहेत, तिथल्या एका बँकेतल्या साहेबांचा जर्मन शेफर्ड. तक्रार काय, तर "अंगाला वास येतोय." आमचा पाऊस दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो आणि मग घरातलं मीठसुद्धा कोरडं राहत नाही. त्या सगळ्या पावसात सीझरच्या गळ्यातला पट्टा कुणी काढलाच नव्हता. बोंडं कातडीला टेकायला हवीत म्हणून आवळून बांधलेला. मी केस बाजूला केले तर दोन्ही बोंडं मांसात रुतून बसलेली. मी सोडवत होते, सीझर माझा हात चाटत होता आणि साहेब म्हणत होते, "पण डॉक्टर, कंपनीनं हे सांगितलं नाही." मी म्हटलं, "कंपनीनं नाही सांगितलं, पण नाक तर तुमचंच होतं ना?" ते माझ्याकडे पुन्हा आले नाहीत. सीझरला मात्र पाठवत राहिले ड्रायव्हरबरोबर.

दुसरी एक लॅब्रडोर, लड्डूसारखी गोल. नाव तिचं डॉली. रस्त्यावरची तीन कुत्री अंगणात शिरली आणि तिला फाडून गेली. मालकीणबाई रडत रडत म्हणाल्या, "असं कसं झालं? वायर तर चालू होती!" मी टाके घालता घालता सांगितलं, "अम्मा, त्या तिघांच्या गळ्यात पट्टा नव्हता." त्यांनी रडणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हे खरंच ध्यानात आलं नव्हतं. डॉली पळून जाऊ शकली असती, पण तिला पळायला जागाच नव्हती, तारेपर्यंत जाऊन ती परत त्यांच्याच तोंडी आली होती.

आणि एक होता टायगर, गावठी, माझ्या सगळ्या पेशंटांत हुशार. हा पठ्ठ्या तारेजवळ जिथं फक्त पीप होतं, झटका बसत नाही, नेमका तिथं जाऊन लोळायचा. पट्टा पीप पीप करत राहायचा आणि संध्याकाळपर्यंत त्यातली बॅटरी संपायची. मग स्वारी आरामात उठून तार ओलांडून कसायाच्या दुकानाकडे निघायची. त्याची मालकीण हे मला तक्रार म्हणून सांगत होती आणि मी मात्र तोंड फिरवून हसत होते.

असं हसतखेळत सगळं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ज्याच्यासाठी हा पट्टा खणात ठेवलाय ते अजून सांगितलेलंच नाही. इतका वेळ टाळत होते, खरं म्हणजे.

पापनाशमच्या अलीकडे कालव्याकाठी पंचनदराव राहायचे. वीज खात्यातून लाइन इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. नारळीची बाग, मागं भातशेती, एक गाय. गावातले लोक त्यांना 'रायर' म्हणत, आम्हा मराठी माणसांना तमिळ मंडळी तसंच म्हणतात. मी नोकरीत असल्यापासून त्यांच्याकडे जात होते. गाय तपासून झाली की त्यांच्या बायकोच्या, रुक्माबाईंच्या हातची कॉफी ठरलेली. आमच्या भागात मराठीत दोन शब्द बोलायला माणूस मिळाला की उठवत नाही, त्यामुळे एका गाईला मी जरा जास्तच वेळ द्यायची.

पंचनदरावांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. त्यांच्या हाताखालच्या एकाही वायरमनला कधी झटका बसला नव्हता. "डॉक्टरीणबाई, नियम एकच," ते बोट वर करून सांगायचे. "मेन आपल्या हातानं बंद करायचा. दुसरा म्हणाला बंद केलाय, त्यावर जायचं नाही. आपल्या हातानं मेन बंद, की लाइन मेली. मग खुशाल हात घाला." हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की माझ्या घरातला फ्यूज उडाला तरी मी तेच पुटपुटत खाली जाते.

रुक्माबाई गेल्या आणि घरात ते एकटे उरले. दोन वेळचं करायला गावातली सेल्वी यायची. आणि मणी होता. आमच्याकडे दर तिसऱ्या कुत्र्याचं नाव मणी असतं, त्यातलाच हा एक, तांबूस रंगाचा, एक कान पडलेला. रुक्माबाईंनी कालव्यातून काढून वाढवलेला.

इथली एक रीत सांगायला हवी. दुपारी जेवणाच्या आधी कावळ्याला भात घालतात. तूप-वरण कालवलेला भाताचा गोळा बाहेर ठेवायचा आणि "का... का..." अशी हाक मारायची. कावळ्यानं चोच लावली की मग घरच्यांनी पानावर बसायचं. गेलेली माणसं त्या रूपानं येतात म्हणतात. रुक्माबाईंची जागा ठरलेली होती. बागेच्या टोकाला, कालव्याच्या बांधावर एक जुना धुण्याचा दगड होता, त्यावर त्या भात ठेवायच्या. पहिला गोळा कावळ्याला, दुसरा मणीला हातातून. त्यांच्यामागं पंचनदरावांनी हे एक दिवस चुकू दिलं नाही. शिकलेला माणूस, पण दगडापाशी उभं राहून मला म्हणाले होते, "ती येते हो. डावीकडून येते." मी मान हलवली. दुसरं काय करणार? मणीला त्या हाकेचं वेड. "का" ऐकलं की बागेच्या कुठल्याही कोपऱ्यातून शेपटी उडवत दगडापाशी हजर.

मुलगा श्रीधर बेंगळुरूला. वाईट नव्हता हो तो, आधीच सांगते. रोज बापाला फोन करायचा. एकदा पंचनदराव मोपेडवरून बस-रस्त्याला निघाले आणि मणी मागं धावत आला. समोरून टाउन बस. मणीला वाचवायला यांनी ब्रेक लावला, हे पडले, मणीचा पाय चाकाखाली आला. पाय मी जुळवला, यांचं खरचटण्यावर भागलं, पण श्रीधरच्या तोंडचं पाणी पळालं. भिंत घालू म्हणाला. बापानं साफ नकार दिला, कारण शेतावर जाणाऱ्या बायांची, गुरांची वाट त्यांच्याच बागेतून होती. "रुक्मा असताना कधी फाटकाला कडी लागली नाही, आता भिंत घालू?" मग श्रीधरनं ही वायर शोधून काढली. भिंतही नाही आणि मणी रस्त्यावरही जाणार नाही. बाप खूश, लेक खूश.

त्याच दिवसांत पंचनदरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि विश्रांतीला ते तंजावुरात आमच्याच गल्लीत बहिणीकडे राहिले. श्रीधरनं फोनवर बागेचा नकाशा काढून कंपनीला पाठवला. कंपनीचा माणूस आला, तार पुरली, निशाणं रोवली, सेल्वीच्या हातात साखळी दिली, मणीला शिकवलं. सगळं अगदी पद्धतशीर. तार बांधाच्या आतल्या बाजूनं गेली, बरोबरच होतं, बांध कालव्याचा, तो काही यांचा नव्हे. पण दगड बांधावर होता. तो तारेच्या पलीकडे राहिला. कावळ्यांना भात कुठं घालता, हे कंपनीचा माणूस का विचारील? श्रीधरच्या नकाशात तो दगड नव्हताच. आणि सेल्वीला वाटलं, एवढी मोठी माणसं करताहेत ती विचार करूनच करत असतील.

पंचनदराव घरी परतल्यावर काही दिवसांनी मला त्यांचा फोन आला. "डॉक्टरीणबाई, मणी माझ्यावर रुसलाय."

"म्हणजे काय?"

"हातातलं खात नाही. हाक मारली की गोठ्यामागं जाऊन बसतो. सेल्वीनं दिलेलं खातो हो. माझ्याच हातचं खात नाही."

मला वाटलं, दात दुखत असेल, कान फुटला असेल. दुसऱ्या दिवशी बस धरून गेले. तपासलं तर गळ्यावर थोडी लाली, बाकी काही नाही. पण मणीची तऱ्हा मला आवडली नाही. माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, सेल्वीभोवती घोटाळला, आणि पंचनदराव ओसरीवर आले की शेपटी पोटाखाली. म्हातारा ते बघत होता. "बघितलंत? मी काय केलं याला?" असं म्हणाले आणि डोळ्याचं औषध घालायच्या निमित्तानं आत गेले.

मी म्हटलं, दुपारी तुम्ही रोज जे करता ते करा, मी बघते.

जेवणाची वेळ झाली. सेल्वीनं केळीच्या पानाच्या तुकड्यावर भाताचे दोन गोळे दिले. पंचनदराव आधी ओसरीवरच्या डब्यापाशी गेले, भिंतीवरचं बटण बंद केलं, पुन्हा एकदा बोटानं दाबून खात्री केली. "रोज बंद करतो," ते मला म्हणाले. "दगड तारेपलीकडे आहे ना. मणी यायचा म्हणजे लाइन बंद हवी. मेन माझ्याच हातानं बंद करतो, सेल्वीलासुद्धा करू देत नाही." मग माझ्यापुढं सावकाश चालत बांधावर गेले, एक गोळा दगडावर ठेवला, दुसरा हातात धरला आणि हाक मारली, "का... का..."

कावळे आले. मणी गोठ्यामागून निघाला, जमिनीला पोट घासत. तो यायला बघत होता! त्याचं सगळं अंग यायला बघत होतं. "मणी, ये रे. ये राजा." तारेच्या जागेजवळ आला आणि मला त्याच्या गळ्यातून बारीक पीप ऐकू आलं. इतकं बारीक, की म्हाताऱ्या कानांना लागूच नये. मणीचं अंग आकसलं, मान वाकडी झाली, तो कळवळून मागं फिरला आणि गोठ्यामागं गेला.

"बघा," पंचनदराव म्हणाले. "रुसलाय."

मी ओसरीवर धावत गेले. डब्याच्या बुडाशी एक हिरवा ठिपका लुकलुकत होता, तिळाएवढा. आमच्याकडे वीज जाते म्हणून कंपनीनं डब्यातच बॅटरी बसवली होती. भिंतीवरचं बटण बंद झालं की डबा बॅटरीवर जायचा. कंपनीच्या दृष्टीनं हा फायदाच होता. नव्यानं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना तो ठिपका दिसला नव्हता, आणि दिसायचं कारणही नव्हतं, कारण ज्या माणसानं आयुष्यभर आपल्या हातानं मेन बंद केला तो पुन्हा डब्यात वाकून कशाला बघेल?

मला ते सांगणं जिवावर आलं. पण सांगितलं. "पंचनदराव, लाइन बंद नव्हती. बॅटरी आहे आत. रोज चालू होती."

त्यांना कळायला वेळ लागला नाही, त्यांचंच शास्त्र होतं ते. गोठ्यामागं गेले, मणी त्यांना बघून भिंतीला चिकटला, तरी त्यांनी त्याच्या गळ्यातला पट्टा सोडला. तो मुठीत घट्ट धरला, बोंडं तळहातात येतील असा, आणि दगडाकडे चालायला लागले. मी ओरडले, सेल्वी ओरडली, "रायर, नको!" तारेवर पोचल्यावर त्यांचा हात खांद्यापर्यंत उडाला. माणूस हात झटकून मोकळा होतो, तसं त्यांनी केलं नाही. तिथंच उभे राहिले. मी पळत जाऊन त्यांची मूठ उघडली तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढा झटका बसत होता याला. आणि मी राजा म्हणून हाक मारत होतो."

मग खाली बसले, दगडाला पाठ लावून, आणि लहान मुलासारखे रडले. वरती कावळे भात खात होते.

कुत्र्याला तार समजत नाही हो. जमिनीखाली काय पुरलंय ते त्याला कुठून ठाऊक? दुखलं त्या क्षणी डोळ्यांपुढं जे असतं, कानावर जे पडतं, त्यानंच दुखलं असं ते धरतं. एक कुत्रा पोस्टमनला घाबरायला लागला होता, एक शाळेच्या पिवळ्या बसला. मणीच्या डोळ्यांपुढं पंचनदराव होते, हातात भात घेऊन, आणि कानात ती हाक.

डबा उचकटून टाकला. सेल्वीच्या नवऱ्यानं तार पूर्ण खणून काढली, गुंडाळी करून गोठ्याच्या आढ्याला टांगली. पट्टा पंचनदरावांनी माझ्या पिशवीत टाकला. "हा घरात नको," म्हणाले. श्रीधरला फोन लावला तर तो आधी चिडला, "अप्पा, बस-रस्त्याचं काय?" आणि सगळं ऐकल्यावर बस-रस्ता विसरलाच. मग विचारलं, "मणी बरा होईल ना, डॉक्टरकाकू?" मी म्हटलं होईल. मला तसं वाटत होतं.

उपाय मी सांगितला तो साधा. हाक बंद. कावळ्यांना हाकेवाचूनही भात कळतो. ओसरीवर बसायचं, गोळा हातात धरायचा, मणीकडे बघायचं नाही, आपणहून आला तर आला. मग हळूहळू जागा पुढं सरकवायची. दगड आत आणू या, असंही मी सुचवलं. ते एकच त्यांनी मानलं नाही. "तो रुक्मानं ठेवलाय," म्हणाले.

ज्या माणसाला कॉफी निवेपर्यंत धीर नव्हता तो ओसरीवर तासन्‌तास हात पुढं करून बसायला लागला. सेल्वी मला फोनवर खबर द्यायची. "आज जवळ आला." "आज वास घेतला." "आज खाल्लं, डाक्टरम्मा! खाल्लं! रायर रडले, मीही रडले." ओसरीवरून गोठ्यापाशी, गोठ्यापासून शेवटच्या नारळापर्यंत. शेपटी परत आली, मणी पुन्हा त्यांच्या पायांत घोटाळायला लागला. पण तारेच्या जागेपाशी आला की थांबायचा. तिथं आता काही नव्हतं, खणलेल्या मातीवर गवतही उगवलं होतं. पुढचा पाय उचलायचा, हवेत धरायचा आणि परत खाली ठेवायचा. पंचनदराव मला म्हणाले, "मला फार काही नको डॉक्टरीणबाई. एकदा तो दगडापाशी येऊन खाऊ दे. तिला दाखवायचंय."

तेवढं एकच राहिलं होतं. आम्हांला वाटलं, पाऊस संपेपर्यंत होईल.

पाऊस संपत आला होता तेव्हा ते दगडापाशी पडले. भात ठेवायला वाकले आणि तसेच कलंडले. सेल्वी स्वयंपाकघरात होती. मणी असा भुंकायला लागला की हातातलं टाकून ती धावली. म्हणजे मणीमुळंच ते तेव्हा सापडले, हे खरं. पापनाशमहून त्यांना तंजावुरात इस्पितळात आणलं. मी भेटायला गेले तेव्हा श्रीधर औषधं आणायला गेला होता. त्यांचा आवाज फार खोल गेला होता, मी कान जवळ नेला.

"मी पडलो तेव्हा समोरच होता तो," ते म्हणाले. "बघत होतो मी. पाय उचलत होता, ठेवत होता. उचलत होता, ठेवत होता. रुसलेला नव्हता हो. त्याला यायचं होतं."

"हो," मी म्हटलं.

"माझी लाइन त्याच्यात जिवंत आहे अजून. ती कुठून बंद करायची?"

इतकी वर्षं जनावरांवर उपचार केले, पण याला काय द्यायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिले. त्यानंतर ते फार दिवस काढू शकले नाहीत.

घरी आणलं तेव्हा मी गेले होते. पिशवी नेहमीची, तीच. अंगणात माणसं जमली होती, शेतावरच्या बाया, खात्यातले जुने वायरमन. मणी पंचनदरावांच्या पायांशी बसून होता, त्याला कुणी हाकललं नाही. तिरडी उचलली तसा तो उठला आणि बरोबर चालायला लागला. श्रीधर पुढं, हातात अग्नीचं मडकं.

फाटकापाशी मणी थांबला. तार तिथूनही गेली होती.

माणसं पुढं गेली. मणी जागच्या जागी नाचल्यासारखा करत होता, रडल्यासारखा आवाज काढत होता. श्रीधरनं मागं वळून पाहिलं. हे त्यानं फोनवर ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. "मणी, ये," तो म्हणाला, आणि अगदी बापाचाच आवाज होता तो. मणीनं पाय उचलला, हवेत धरला, खाली ठेवला. श्रीधर पुन्हा म्हणाला, "ये ना रे." भटजींनी त्याच्या दंडाला हात लावला, "चला, थांबू नये." हातातलं मडकं घेऊन तो काय करणार? निघाला.

आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. फाटकापर्यंत जायचं आणि तिथं थांबायचं. सेल्वी आणि बाकीच्या बाया मागं वळल्या. मी मात्र फाटकाबाहेर गेले, रस्त्यात गुडघे टेकले, दोन्ही हात पुढं केले आणि मणीला बोलावलं. "बघ, मी आले की नाही बाहेर? काही नाही इथं. ये, बाळा." तो माझ्याकडे बघत होता, माझ्यामागं लांब जाणाऱ्या माणसांकडे बघत होता. पाय उचलला, ठेवला. आमच्या दोघांच्या मध्ये नुसतं गवत होतं, आणि पट्टा माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होता.

माणसं कालव्याच्या वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी उठून आत आले आणि त्याच्याजवळ बसले.